सरजाबाईच्या उशाशी ठेवलेला तांब्या

मी एक जुना पितळी तांब्या आहे. किती जुना, असं कुणी विचारलं की मी छाती पुढे काढतो. माझी छाती म्हणजे माझं पोटच, त्यामुळे ती तशी कायमच पुढे असते. हसू नका. मित्रांनो, लातूर नवा जिल्हा झाला ना, त्याच साली लातूरच्या भांड्यांच्या बाजारातून मी बाहेर पडलो. माझा जन्म कसा झाला, ते मला नीटसं आठवत नाही. ठोके तेवढे आठवतात. एवढे ठोके खाल्ले की माणूस रडला असता, मी गोल झालो.

दुकानदाराने माझ्या गळ्याखाली टकटक करत नाव कोरलं: 'सरजा व्यंकटी सोनकांबळे, जि. लातूर'. सरजाचं लग्न ठरलं होतं आणि मी तिच्याबरोबर सासरी जाणार होतो. अहमदपूरच्या पलीकडच्या त्या छोट्या गावात मी पोचलो, तेव्हा घरातल्या हंड्यावर, परातीवर, सगळ्यांवर 'जि. उस्मानाबाद' लिहिलेलं. 'जि. लातूर' असा मी एकटाच. हंडा मला पुष्कळ दिवस 'नवा जिल्हा' म्हणूनच चिडवत होता. "सरक बे नव्या जिल्ह्या, जागा दे." मी सरकायचो, पण मनातून खूश असायचो.

त्या घराचा एक नियम होता. तो सरजाच्या सासऱ्याने, भीमाबाबांनी घालून दिलेला. भीमाबाबा पोरवयात असताना त्यांना विहिरीजवळ उभं राहून वाट बघावी लागायची. कुणीतरी वरून पाणी ओतायचं आणि ते ओंजळीने प्यायचे. ओतणारा कधी ओतायचा, कधी नुसताच निघून जायचा. पुढे छप्पन साल आलं, घराने धम्मदीक्षा घेतली आणि भीमाबाबांनी उंबऱ्यात उभं राहून सांगून टाकलं: या घरात जो येईल, कुणाचाही असो, त्याला आधी पाणी. चांगल्या भांड्यातून. हातात देऊन.

सरजा लग्न होऊन आली त्याच दिवशी त्यांनी मला तिच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "पोरी, दुसरं काही न्हाई जमलं तरी चालंल. कोन दारातून तहानलेलं गेलं, हे माझ्या कानावर येऊ दिऊ नको."

आणि सरजाने ते कधीच येऊ दिलं नाही. चिंच-राखेने घासलेला मी, वर फुलपात्र टोपीसारखं, आणि सरजाचा तो हात. पोस्टमन प्यायला, चादरी विकणारा प्यायला, देगलूरकडून बांगड्यांची टोपली घेऊन येणारी नागम्मा तर खास पाणी प्यायला आमच्या गल्लीत वळायची. "सरजाक्का, तुझ्या घरचं पाणी गोड उंदी," म्हणायची. अर्धं मराठी, अर्धं तिचं तेलुगू. मला वाटायचं गोडी माझीच आहे.

एकच माणूस कधी प्यायलं नाही. वरच्या आळीतल्या नीलाबाई. विहिरीवर भीमाबाबांना वरून पाणी ओतायची ती नीलाबाईंची सासू. नीलाबाई वाईट नव्हत्या. सरजाच्या बाळंतपणात त्यांनी डिंकाचे लाडू पाठवले होते. पण आमच्या ओट्यावर बसल्या आणि सरजाने मला पुढे केलं, की "आत्ताच पिऊन आले गं बाई," म्हणायच्या. वर्षानुवर्षं त्या आत्ताच पिऊन आलेल्या असायच्या. सरजा हसून मला मागे घ्यायची. मी मात्र चिडून घामेजायचो. पितळेला उन्हाळ्यात बाहेरून घाम येतो, बघितलंय ना तुम्ही?

मग माझे दिवस फिरले. घरात स्टीलचा जग आला, त्याच्यामागून प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. मी माळ्यावर गेलो. तिथे मी, फुटकी चाळणी आणि एक कोळी असे तिघं राहत होतो. कोळी बरा होता. माझ्या तोंडावर जाळं विणताना त्याने मला कधी विचारलं नाही, एवढीच तक्रार.

माळ्यावरून मला खाली काढलं ते सरजाच्या आजारपणाने.

तिला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता. हे सगळ्यांना फार उशिरा कळलं, कारण अंगावरून जातंय हे तिने बरेच दिवस कुणाला सांगितलंच नाही. लातूरच्या दवाखान्यात आधी शेक दिले. शेक म्हणजे चुलीचा नव्हे, यंत्राचा. मग काही दिवसांच्या अंतराने सलाईनमधून औषध सुरू झालं. पहिल्या सलाईनच्या वेळी सरजाने मला पिशवीत घालून बरोबर नेलं. "बाटलीनं पाणी पेलं तर पेल्यासारखं वाटत न्हाई," असं तिचं म्हणणं. तिची धाकटी लेक प्रेमलासुद्धा सोबत होती. नववीत शिकणारी, बोलायला चुरचुरीत, घरातले सगळे कागद तिलाच कळायचे.

तिथल्या डॉक्टरीणबाईंचं नाव विनीता मॅडम. त्यांनी मला उचललं, वजन बघितलं आणि विचारलं, "लिटरभर बसत असेल ना यात?"

प्रेमला म्हणाली, "हाव मॅडम."

"मग रोज हे तीन. कमीत कमी. ऐका, दूध तापवताना भांड्यात आधी थोडं पाणी घालता ना?"

सरजा म्हणाली, "घालतो की. न्हाईतर तळाला लागतंय."

"तसंच आहे. हे औषध गाठीला मारतं, पण बाहेर पडताना किडनीतून जातं. पाणी भरपूर असेल तर वाहून जाईल. पाणी नसेल तर तिथेच तळाला लागेल. करपलेलं भांडं घासता येतं, करपलेली किडनी नाही."

हे मला इतकं पटलं म्हणून सांगू. आम्हा भांड्यांना करपणं समजावून सांगावं लागत नाही. मी ठरवलं, आता मी नुसता तांब्या नाही, मी औषध आहे. येताना एस.टी.त मी त्या पिशवीत असा ऐटीत बसलो होतो की शेजारची भेंडी दबून गेली.

पण मित्रांनो, साल कुठलं होतं ते आता सांगतो. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते साल. शहराची ती गत, तर आमच्या गावाला कोण विचारतो? हापशाचा दांडा हलवला तर तो नुसता कण्हायचा. टँकर येईल तेव्हा येईल. आला की सगळं गाव घागरी घेऊन पळायचं, आणि भांडणं अशी व्हायची की टँकरचा ड्रायव्हर पाईप सोडून केबिनमध्ये जाऊन बसायचा. मला घासायलाही पाणी मिळेना. मी काळा पडलो. हंडा म्हणाला, "काय नव्या जिल्ह्या, जुना झालास की." तो स्वतः कोरडा होता.

तरीही प्रेमलाने आईचं पाणी कमी पडू दिलं नाही. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करणारा तिचा बाप, व्यंकटी, रोज अहमदपूरहून येताना सायकलला कॅन अडकवून आणायचा. ते पाणी फक्त सरजाचं. त्याला कुणी हात लावायचा नाही. प्रेमला स्वतः चूळ भरायची तीसुद्धा मोजून-मापून. सकाळी शाळेत जाताना ती मला काठोकाठ भरायची, शेजारी एक भरलेली कळशी ठेवायची आणि दम द्यायची.

"माय, मी यीपर्यंत तांब्या दोनदा रिकामा झाला पायजे. मी येऊन बघनार हाय."

"बघ बाई. मास्तरीण झालीस तू."

"झाले. छडी आनू का?"

सरजा हसायची. पोट दुखत असतानाही ती हसायची. प्रेमला यायची, मला उलटा करायची, थेंब पडला नाही की आनंदाने माझ्या पोटावर टिचकी मारायची. तो टण्ण असा आवाज मला फार आवडायचा.

मात्र दुपारी त्या घरात काय व्हायचं, ते बघायला मी एकटाच होतो.

आजाऱ्याला भेटायला जायची आपल्याकडे रीत आहे. त्यातून कॅन्सर म्हटल्यावर तर आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरूनसुद्धा माणसं येत होती. उन्हातान्हात चालत यायची, ओठ सुकलेले, घसा कोरडा. खाटेशेजारी बसायची आणि "कसं हाय आता" विचारायची. सरजा एका कोपरावर उठायची. तिचा हात आपोआप माझ्याकडे यायचा. फुलपात्र भरायचं, पुढे व्हायचं.

"नगं बाई, तुझं हाय ते," असं काही जण म्हणायचे.

"घ्या हो. पोरगी भरून ठिवती. माझ्यानं एवढं कुठं संपतंय?"

खरंच संपत नव्हतं तिच्याने. औषधाने तोंड कडू व्हायचं, पाणी प्यायलं की मळमळायचं. ते तिला निमित्त मिळालं. दोन घोट स्वतः घ्यायची आणि बाकीचं येईल त्याला. नागम्मा आली, प्यायली. शाळेतले निवृत्ती गुरुजी आले, दोन फुलपात्रं प्यायले. माणसं तहानलेली होती हो, त्यांना तरी कुठे माहीत होतं? त्यांना वाटायचं पाणी म्हणजे पाणी. ते औषध होतं, हे या घरात फक्त तिघांना ठाऊक होतं, आणि त्यातली एकच घरी असायची.

एक दिवस दारात नीलाबाई उभ्या राहिल्या.

उन्हाने त्यांचा चेहरा लाल झाला होता. टँकरची वाट बघत उभ्या होत्या आणि टँकर आलाच नव्हता. त्या खाटेजवळ बसल्या आणि पदराने वारा घेऊ लागल्या. सरजाने मला हात घातला, पण पुढे केलं नाही. इतक्या वर्षांची सवय. नुसतं म्हणाली, "काकू, पानी?"

मी वाट बघत होतो, आत्ताच पिऊन आले असं म्हणण्याची.

नीलाबाई म्हणाल्या, "दे गं सरजा. जीव चाललाय."

सरजाने फुलपात्र भरलं. नीलाबाईंनी ते ओठाला लावून घटाघटा रिकामं केलं, आणि पदराने तोंड पुसून परत पुढे केलं. सरजाने पुन्हा भरलं. मग पुन्हा. मी तिरका होत गेलो, होत गेलो आणि कोरडा झालो. त्या गेल्यावर सरजा भिंतीवरच्या भीमाबाबांच्या फोटोकडे बघत म्हणाली, "मामा, बघितलं का? नीलाकाकू पेल्या आपल्या घरचं." आणि ती पोरीसारखी रडायला लागली. मीसुद्धा त्या दिवशी माझ्या काळेपणातून चमकलो असेन. एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता, खोटं कशाला सांगू?

संध्याकाळी प्रेमलाने मला उलटा करून बघितलं. टण्ण.

नीलाबाई मग रोजच येऊ लागल्या.

उन्हाळा संपता संपता सरजाचे पाय सुजले. चेहरा भरल्यासारखा दिसू लागला. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, तब्येत सुधारली. लघवी मात्र होईनाशी झाली. लातूरला नेलं, रक्त तपासलं. विनीता मॅडमनी कागद बघितला, खाली ठेवला, परत उचलला.

"पाणी कमी पडलं का? तसं असेल तर आत्ताच सांगा. रागावणार नाही मी. मला पुढचं ठरवायला ते कळायला हवं."

प्रेमला ताठ उभी राहिली. "न्हाई मॅडम. मी सवता भरून दिऊन राहिले. एक दिवस चुकवला न्हाई."

मॅडमनी सरजाकडे बघितलं. "खरंय का?"

सरजा म्हणाली, "पोरीनं दिलं ते समदं संपलं."

ती प्रेमलाकडे बघत नव्हती. पिशवीतून माझा गळा बाहेर आला होता, ती माझ्यावरच्या नावाकडे बघत होती. मित्रांनो, तांब्याला तोंड असतं, पण ते बोलायला नसतं. त्या दिवशी मला ते फार लागलं.

मॅडम स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "मग गाठच किडनीची नळी दाबत असणार." त्यांनी नळीतली अडचण शोधली. ती काही सापडली नाही. त्यात दिवस गेले.

पुढे त्यांनी व्यंकटीला समोर बसवून सगळं सांगितलं. किडनी काम करत नाही, तोवर ते औषध देता येणार नाही. दिलं तर उरलीसुरली किडनी जाईल. आणि औषध थांबलं की गाठ वाढणार. वाढली की ती किडनीच्या नळ्या खरंच दाबणार.

व्यंकटीने डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. "म्हंजी मॅडम, एकाला धरावं तर दुसरं सुटतंय."

"हो."

"आन् दोनी धरलं तर?"

मॅडमनी डायलिसिसचा कागद त्याच्यापुढे सरकवला.

डायलिसिस सुरू झालं. त्या खोलीत एक यंत्र होतं. सरजाचं रक्त धुवायला त्या यंत्राला एका बैठकीत इतकं पाणी लागायचं, की आमच्या घरातले सगळे हंडे, कळश्या आणि मी, असे मिळून पुरलो नसतो. दवाखाना त्यासाठी टँकर मागवत होता. आणि सरजाला काय सांगितलं? पाणी प्यायचं नाही. आता किडनी पाणी बाहेर टाकत नाही, प्यायलेलं छातीत साठेल. दिवसभरात मिळून थोडीशी फुलपात्रं. बास. ज्या बाईला पी पी म्हणून दम भरला, तिलाच आता पिऊ नको म्हणून दम.

आणि मग पाऊस आला. उशिराने, पण असा आला की ओढ्यावरचे पूल बुडाले. हापशा एका दांड्यात भडभडा ओतायला लागला. प्रेमलाने मला चिंचेने घासून लख्ख केलं, गार पाण्याने भरलं आणि सवयीने आईच्या उशाशी ठेवलं. ठेवलं आणि तिच्या लक्षात आलं. ती मला उचलून परत स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"राहू दे की गं तिथं," सरजा म्हणाली. "पीत न्हाई मी. बघते नुसती."

त्या दिवसांत मी तिथेच होतो, भरलेला. ती माझ्यावर तळवा ठेवून पडायची, गारवा लागावा म्हणून. कुणी आलं की आतूनच म्हणायची, "प्रेमला, पानी दे त्यास्नी."

दिवाळीच्या आधी सरजा गेली.

जलदान विधीला सगळं गाव आलं. अंगणात पांढरी चादर अंथरली, बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो ठेवला, मेणबत्त्या लावल्या. भन्तेजी गाथा म्हणणार आणि घरच्यांनी मृताच्या नावाने पाणी सोडायचं, असा तो विधी असतो. व्यंकटीने त्यासाठी मलाच काढलं. मला काठोकाठ भरून प्रेमलाच्या हातात दिलं. गाथा सुरू झाल्या, ती मला तिरका धरून कटोऱ्यात धार सोडत राहिली. कटोरा भरला, ओसंडला, पाणी चादरीवर पसरलं. तिच्या नावाने पाणी असं वाहून गेलं.

विधी झाल्यावर श्रद्धांजलीची भाषणं झाली. प्रेमला मला पुन्हा भरून घेऊन बाजूला उभी होती, आलेल्यांना पाणी द्यायला.

निवृत्ती गुरुजी माईकवर आले. म्हणाले, "सरजाबाईंसारखं मन बघितलं नाही. एवढ्या आजारात, एवढ्या दुष्काळात मी भेटायला गेलो, तर उशाशी ठेवलेल्या तांब्यातलं पाणी त्यांनी स्वतःच्या हाताने मला पाजलं. एक नाही, दोन फुलपात्रं."

लोकांनी माना डोलावल्या. नागम्मा बसल्या जागेवरून डोळे पुसत म्हणाली, "मला बी. येईल तवा देत होती अक्का."

मागून कुणीतरी म्हणालं, "आमाला बी."

"आमाला बी दिलं हो."

मग नीलाबाई उठल्या. त्यांना माईक धरता येईना. त्या म्हणाल्या, "मी तर रोज येत होते. तांब्या संपूस्तोवर पाजायची मला. असं पानी मी जलमात पेले न्हाई."

प्रेमलाची बोटं माझ्या गळ्याभोवती आवळत गेली. मी पितळेचा, तरी मला ते लागलं. ज्या ज्या वेळी तिने मला उलटा करून टिचकी मारली होती, ती प्रत्येक वेळ तिच्या चेहऱ्यावरून सरकताना मी बघितली. व्यंकटीकडे तिने पाहिलं. तो मान खाली घालून चादरीवरच्या ओल्या डागाकडे बघत बसला होता.

नीलाबाई बोलून थकल्या होत्या. त्यांनी प्रेमलाकडे हात पुढे केला. "दे गं माय, घोटभर."

प्रेमलाने मला उचललं. फुलपात्र बाजूला ठेवलं. आणि सगळ्या गावासमोर तिने मला स्वतःच्या ओठाला लावलं. ती पीत राहिली. घशातून आवाज येत होता, पाणी हनुवटीवरून गळ्यात, पांढऱ्या कपड्यांवर सांडत होतं, पण ती थांबली नाही. नीलाबाईंचा हात तसाच पुढे होता. मी पूर्ण रिकामा झाल्यावर तिने मला उलटा केला. थेंब पडला नाही. तिने टिचकी मारली नाही.

ती मला घेऊन आत गेली आणि माळ्यावर ठेवून आली. आता मी, चाळणी आणि कोळ्याची मुलं असे इथे आहोत. गावात नळाला पाणी आलंय म्हणतात. खालून माणसांचे आवाज येतात, स्टीलच्या जगाचाही येतो. आलेल्याला पाणी देतात अजून, प्रेमलासुद्धा देते. मला कुणी काढत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. कशासाठी काढतील? माझ्यातलं पाणी जिच्या घशाखाली जायला हवं होतं तिच्या गेलं नाही आणि आता मी कितीही चमकलो तरी त्याचा कुणाला उपयोग नाही.

म्हणून मित्रांनो, एवढंच ऐका. आजारी माणसाला भेटायला जाल, तेव्हा आपलं पाणी घरून पिऊन जा. उशाशी तांब्या दिसला तर तो त्याचा आहे. त्याने पुढे केला तर हातात घ्या, नाही म्हणू नका, पण मग तो त्याच्याच ओठाला लावा, आणि तो पिऊन होईपर्यंत तिथेच बसा.